दुधाचा आळ

मी पेला आहे. स्टीलचा, बुडाशी जरा निमुळता, काठ बाहेर वळवलेला. नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात, एका रांगेतल्या घराच्या वरच्या मजल्यावर, न्हाणीघराच्या खिडकीत मी असतो. शेजारी पट्ट्यांची एक डबी असते, एक वही आणि एक पेन. माझ्या पोटावर टिंबाटिंबांनी कोरलंय : 'चि. गुंजन हिस, आत्याकडून, ९-१०-९९'. एवढं नाव घातलेलं भांडं न्हाणीघरात काय करतंय, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस वाटायचं.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पत्र्याची चकती होतो, कशाखाली तरी दाबला गेलो, मग घासूनपुसून चकचकीत झालो. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते पुण्यात, रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात, सुनीतीआत्यांनी मला उचललं तेव्हा. आत्या म्हणजे शाळेतून निवृत्त व्हायला आलेल्या गणिताच्या बाई. त्यांनी मला उजेडात धरलं, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला आणि काठावरून सावकाश बोट फिरवलं.

"बाळाच्या ओठाला लागता कामा नये," त्या दुकानदाराला म्हणाल्या.

त्यांनी त्याला सात पेले काढायला लावले आणि शेवटी पहिला, म्हणजे मला, पसंत केलं. मग नाव घालणाऱ्यानं मला मांडीवर घेऊन त्याचं गुरगुरणारं यंत्र पोटाला लावलं. दुखलं म्हणजे चांगलंच दुखलं. पण त्याचा मला आजतागायत अभिमान आहे, कारण नाव ठरवण्याचा मान आत्याचा आणि ते बारशाच्या दिवशी बाळाच्या कानात कुर्र करेपर्यंत कोणाला सांगायचं नसतं. आईबापांना माहीत नव्हतं तेव्हा, दोन दिवस आधीपासून, ते मला माहीत होतं. आत्यांनी मला पिशवीत कापडात गुंडाळून ठेवलं होतं आणि मीही हूं की चूं केलं नाही.

गुंजनच्या बाबांचं नाव अंबरीश. आत्यांचा धाकटा भाऊ, इंजिनिअर. आईचं नाव वैदेही. गुंजन वर्षाची झाली तसं तिला माझ्यातून दूध द्यायला लागले, आणि मग दुसऱ्या कुठल्या भांड्यात दिलेलं दूध ती पिईचना. पाहुणे आले की वैदेही हे कौतुकानं सांगायची. मी रॅकवर उपडा पडून ऐकायचो आणि बाकीच्या पेल्यांकडे बघायचोही नाही. गर्व म्हणा हवं तर, होताच मला.

२००४ च्या शेवटी अंबरीशला इकडे नोकरी लागली. काही महिन्यांनी वैदेही आणि गुंजन यायला निघाल्या, तेव्हा सामानाचं वजन घरच्या काट्यावर दहादा झालं. अंबरीश फोनवर म्हणाला, "पेला कशाला? इकडे काय पेले मिळत नाहीत?" वैदेही म्हणाली, "तिला सांग तू, मग मी काढते." तेवढ्यावर विषय संपला. माझ्या पोटात हिंगाची डबी कोंबली आणि मी समुद्रापार आलो. तो वास जायला महिना लागला.

इथलं घर अरुंद आणि उभं. जिना इतका चढा की वैदेही पहिले काही दिवस उतरताना उलटी होऊन उतरायची. गुंजन मात्र चार महिन्यांत इथली होऊन गेली. शाळेत जायला लागली, सायकल शिकली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर डचमध्ये यायला लागलं. फक्त रात्री झोपताना माझा काठ ओठाला लावला की मिशा पुसत "संपलं, आई" एवढं मराठीत म्हणायची. तेवढं मराठी माझ्यामुळे टिकलंय, अशी माझी समजूत होती.

त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती. त्याच्या आधीपासून गुंजनचा चेहरा भरायला लागला होता. सकाळी उठली की डोळे बारीक दिसायचे, गाल टम्म. पुण्याला फोटो ईमेलनं गेले आणि आत्यांचा लगेच फोन आला, "काय गुटगुटीत झालीय गं! बाळसं धरलंन पोरीनं." दिवाळीनंतरच्या शनिवारी इथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम झाला. तिथे लतिका नावाच्या बाईंनी गुंजनचा गाल धरला आणि म्हणाल्या, "इकडचं दूध मानवलं हो तुमच्या लेकीला!" वैदेहीनं घरी आल्यावर हे दोनदा सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी सकाळीही भरला जायला लागलो.

खरं सांगतो, मी फुगलो होतो. ते गाल माझे आहेत असं मला वाटत होतं. आम्ही सगळेच त्या सुजेकडे बघून खूश होत होतो, हे आठवलं की आजही मला शरम वाटते.

पहिली शंका वैदेहीला आली. मोजे काढले की पायावर खोल वळ उठायचे आणि बराच वेळ जायचे नाहीत. फ्रॉकची पाठीमागची बटणं लागेनात, पण हात मात्र काड्यांसारखेच होते. शुक्रवारी सकाळी तिनं इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे, हाउसआर्टकडे, फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, मुलीला घेऊन या आणि सकाळची पहिली लघवी स्वच्छ भांड्यात आणा, लगेच.

अंबरीश ऑफिसला गेला होता. घरातल्या सगळ्या बरण्यांत चटण्या-मसाले. गुंजन संडासाच्या दारात पाय आवळून उभी, "मामा, इक मुत नू!" असं आईला डचमध्ये म्हणत होती, तिला आत्ताच्या आत्ता जायचं होतं. वैदेहीनं इकडेतिकडे बघितलं आणि धुऊन उपडा ठेवलेला मी तिच्या हाताला लागलो.

मी तिला दोष देत नाही. मला तेव्हा एवढंच कळलं की आपण आता पुन्हा रॅकवर जाणार नाही. ज्या भांड्यात हे झालं ते स्वयंपाकघरात परत येत नसतं. वैदेहीनं माझ्यावर चांदीचा कागद ताणला, रबर लावलं, मला सायकलच्या पिशवीत उभं केलं आणि गुंजनला मागे बसवून निघाली.

दवाखान्यातल्या बाईंनी कागद काढला. माझ्यावरची अक्षरं बघून "मोय!" म्हणाल्या, म्हणजे छान. मग डबीतून एक पट्टी काढून माझ्यात बुडवली. पट्टीच्या टोकाला पिवळा चौकोन असतो. लघवीत प्रोटीन नसेल तर तो पिवळाच राहतो. असेल तर हिरवा होत जातो. बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि मिनिट पुरं व्हायच्या आतच त्या पट्टी घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. पट्टी शेवाळासारखी गर्द हिरवी झाली होती.

डॉक्टर उंच, शांत गृहस्थ. त्यांनी गुंजनच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो तसाच राहिला. ते सावकाश इंग्रजीत म्हणाले की मूत्रपिंडातून प्रोटीन गळतंय, म्हणून अंगात पाणी साठतंय. आजच हॉस्पिटलमध्ये मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, मी चिठ्ठी देतो.

वैदेहीनं तिथूनच अंबरीशला फोन लावला. तिनं सगळं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "लघवी नेलीस कशातून?"

"तिच्या पेल्यातून. दुसरं काही मिळालं नाही रे."

"दुधाच्या पेल्यातून? अगं वैदेही, मग प्रोटीन येणारच! दुधात काय असतं? सँपल काँटॅमिनेट झालंय. हा रिझल्ट व्हॅलिडच नाही!"

त्याच्या आवाजात इतकी सुटका होती, की वैदेहीच्याही चेहऱ्यावर रंग आला आणि ती हॉस्पिटलऐवजी घरी आली.

मी स्वच्छ होतो. आदल्या रात्री मला गरम पाण्यानं, साबणानं, घासणीनं धुतलं होतं, रात्रभर उपडा ठेवून वाळवलं होतं. दुधाचा थेंब माझ्यात नव्हता. असताच, तर एवढा गर्द रंग त्यानं आला नसता. हेच डॉक्टरांनीही संध्याकाळी अंबरीशला फोनवर समजावलं. आणि पट्टी सोडा, तिचे पाय सांगताहेत, असंही म्हणाले. अंबरीश "येस डॉक्टर, शुअर डॉक्टर" म्हणाला आणि फोन ठेवून वैदेहीकडे वळला.

"आधी टेस्ट नीट करायला हवी. मी फार्मसीतून सीलबंद डबी आणलीय. सोमवारी सकाळची पहिली घेऊ आणि मग जाऊ. दोन दिवसांनी काय होतंय?"

"अरे, पण तिचे डोळे बघ ना."

"झोप झाली नसेल. आणि रविवारी सिंटरक्लास येणारेत, आधीपासून नाचतेय ती. हॉस्पिटलमध्ये अडकवून ठेवलं तर?"

तो वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम सांगतो. घाबरलेला माणूस होता. ऑफिसात यंत्र चुकीचा आकडा दाखवायला लागलं की आधी मोजणी तपासायची, हे त्याचं रोजचं काम. तेच त्यानं घरी केलं. आळ घ्यायला समोर मी होतोच. मला कपडे धुण्याच्या मशीनमागे ढकलून दिलं. तिथल्या अंधारात पडल्या पडल्या मी तीन दिवस एकच गोष्ट मनात घोळवत होतो. माझ्यात दूध असतं तर किती बरं झालं असतं. चूक माझी असायला हवी होती.

रविवारी गावात सिंटरक्लास आला, इथल्या मुलांना दरवर्षी भेटी वाटणारा संत, लाल अंगरख्याचा, पांढऱ्या दाढीचा, घोड्यावर बसून. गुंजनला बूट चढेनात म्हणून तिला अंबरीशच्या खांद्यावरून नेलं. पाऊण तासात ते परत आले. जिन्यावरून अंबरीशचा आवाज ऐकू आला, तसा मी त्याचा कधी ऐकला नव्हता. गुंजनला हुडहुडी भरली होती, पोट फुगून ताठ झालं होतं आणि हात लावला की ती किंचाळत होती. साठलेल्या पाण्यात जंतू शिरले होते. गाडीचं दार आपटलं आणि घर सुनं झालं.

अठरा दिवस ती हॉस्पिटलात होती. त्यातले चार दिवस असे गेले की वैदेही कपडे न्यायला घरी आली तरी दिवे लावत नव्हती. एकदा न्हाणीघराच्या जमिनीवर बसून ती तोंडात टॉवेल कोंबून रडली. मशीनमागून मला फक्त तिची टाच दिसत होती.

गुंजन वाचली. पण तो आजार असा एकदा येऊन जाणारा नव्हता. गोळ्यांनी प्रोटीन थांबतं, गोळ्या कमी केल्या की पुन्हा सुरू होऊ शकतं. वर्षानुवर्षं चालेल कदाचित. रोज सकाळी घरी पट्टीनं बघायचं आणि वहीत लिहायचं. हॉस्पिटलनं त्यासाठी प्लास्टिकचा एक पेला दिला होता. अंबरीशनं पहिल्याच दिवशी त्यात उकळतं पाणी ओतलं आणि तो वाकडा झाला. तेव्हा वैदेहीनं मशीनमागे हात घातला. नाव घातलेलं भांडं तिच्यानं टाकवलं नव्हतं आणि स्वयंपाकघरात आणवतही नव्हतं. आता मला जागा मिळाली.

तेव्हापासून रोजचा क्रम ठरला. सहाला अंबरीश किटली घेऊन वर येतो. मला आधी साबणानं घासतो, मग उकळतं पाणी भरतो, ओततो, पुन्हा भरतो. असं तीनदा. मी तापून लाल व्हायचा तेवढा बाकी राहतो. नुसतं विसळलं तरी चालेल असं नर्सनं सांगितलंय, वैदेहीनंही सांगून बघितलं. तो ऐकत नाही. पट्टी माझ्यात बुडवून तो ते मिनिट मनात मोजतो, त्याचे ओठ हलताना मला दिसतात. पिवळी राहिली की वहीत शून्य लिहितो आणि मग कुठे श्वास सोडतो.

पुण्याला त्यांनी काही कळवलं नाही. उगाच तिकडे काळजी नको, असं वैदेहीला सांगितलं गेलं. पण आजार सांगायचा तर ते तीन दिवसही सांगावे लागले असते आणि अंबरीशला ते जमत नव्हतं. गोळ्यांनी गुंजनचे गाल पुन्हा गोल झाले. फोटो जात राहिले, पुण्याहून कौतुक येत राहिलं.

एकदा गुंजननं मला उलटसुलट करून बघितलं आणि आईला विचारलं की ही टिंबं कसली.

"तुझं नाव आहे, राजा. गुंजन. आत्यानं घातलंय."

गुंजन जरा विचारात पडली. मग डचमध्ये म्हणाली, "माझं नाव लघवीच्या पेल्यावर का?"

वैदेही पट्ट्यांची डबी बंद करायला लागली. मला तर तोंडच नाही.

आणि मे महिन्यात सुनीतीआत्या आल्या. निवृत्त झाल्या होत्या, भाचीला बघायला दीड महिन्यासाठी आल्या होत्या. दारातच गुंजनचे गाल दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "दृष्ट काढायला हवी हो!" मी वरून ऐकत होतो. त्या सकाळी पट्टी पिवळी होती. गेले नऊ आठवडे पिवळी होती. गोळ्या आता दिवसाआड आल्या होत्या आणि अंबरीश पूर्वीसारखा शीळ घालायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या वर हातपाय धुवायला आल्या आणि त्यांना मी दिसलो. त्यांनी मला उचललं. बोट काठावरून फिरलं, तसंच, सावकाश.

"अरे देवा! अंघोळीचा तांब्या केलाय याचा!"

खाली नेऊन त्यांनी मला पावडरीनं खसाखसा घासलं. वैदेही शाळेत गुंजनला आणायला गेली होती. घासताना आत्या एकट्याच बोलत होत्या, "हौसेनं नाव घालून दिला, आणि मोरीत ठेवलाय." मग त्यांनी दूध कोमट केलं, साखर घातली आणि माझ्यात ओतलं.

सहा महिन्यांनी दूध. काय सांगू? मी पेला आहे, दूध माझं काम आहे. पण तेव्हा मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं.

मागच्या दारानं गुंजन आत आली. आत्यांनी मला तिच्यापुढे धरलं. "ये गं सोने, बघ, तुझ्या पेल्यात दूध."

"नेय, आत्या!" गुंजन मागे सरकली. "दात इस फोर प्लास!"

ते लघवीसाठी आहे, असं ती डचमध्ये सांगत होती, पण आत्यांना काही कळलं नाही. त्यांनी हसत मला आणखी पुढे केलं. तेवढ्यात वैदेही सायकल लावून आत आली, तिनं बघितलं आणि झटक्यात मला त्यांच्या हातून ओढलं. दूध फरशीवर, आत्यांच्या साडीवर, गुंजनच्या बुटांवर सांडलं.

"ताई, नका... त्यात तिची लघवी तपासतो आम्ही. रोज." आणि मग ओट्याला टेकून तिनं सगळं सांगितलं. मूत्रपिंड, सूज, गोळ्या, अठरा दिवस. ते तीन दिवस तेवढे तिनं गाळले. ते सांगणं तिचं काम नव्हतं.

आत्यांनी साडीच्या ओल्या निऱ्या मुठीत धरल्या. "आणि मी म्हणत होते, बाळसं धरलंन," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी फरशी पुसली, मला पुन्हा धुतलं आणि एक एक पायरी चढून स्वतः वर आणून खिडकीत ठेवलं. अक्षरं बाहेरच्या बाजूला येतील असं वळवून.

आज सकाळी सहाला त्या अंबरीशच्या मागोमाग वर आल्या. त्यानं नेहमीसारखं तीनदा उकळतं पाणी घातलं. आत्यांनीच गुंजनला धरलं, तिनं झोपेतच काम उरकलं आणि परत जाऊन पडली. अंबरीशनं पट्टी बुडवली आणि ओठ हलायला लागले.

तीस पुरे व्हायच्या आत मला दिसलं. हिरवा. त्याच शुक्रवारचा रंग.

अंबरीशनं पट्टी उजेडाकडे धरली. मग आत्यांनी घाईघाईनं मला उचललं, आत बघितलं, वास घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे अंबरीश, काल मी दूध ओतलं होतं ना यात! त्याचंच असेल रे. दुधात प्रोटीन असतंच की. उद्या पुन्हा बघ तू, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

अंबरीशनं त्यांच्या हातातून मला घेतलं आणि खाली ठेवलं. मी बेसिनवर किणकिणलो.

"हेच म्हणालो होतो मी, ताई," तो म्हणाला. "नोव्हेंबरात. ह्याच शब्दांत. आणि तीन दिवस घरी बसवली तिला."

तो वहीत गर्द हिरव्याची तीन अधिक चिन्हं लिहून, फोन घेऊन जिना उतरला. तीन दिवस लागोपाठ हिरवी आली तर कळवा, असं हॉस्पिटलनं सांगितलंय. त्यानं पहिल्याच दिवशी लावला. आत्ता तो खाली गुंजनची जन्मतारीख सांगतोय. आत्या टबच्या कडेवर बसल्यात. मगाशी त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि तेव्हापासून त्या माझा काठ अंगठ्यानं पुसताहेत, पुन्हा पुन्हा, जिथे काहीच लागलेलं नाही तिथे.

आत्या, तुमची आशा मला कळते. तीनदा उकळत्या पाण्यानं धुतलेल्या भांड्यात कालचं दूध राहत नाही, हे तुमच्यासारख्या हिशेबी बाईला सांगायला नको. तरी तुम्हाला हवं तर माझ्यावर आळ घ्या. मला टाकून द्या, ठोकून सपाट करा, माझ्या अंगावरचं नाव खरवडून काढा. ते नाव सगळ्यांत आधी मला कळलं होतं, आणि आज हिरवा रंगही सगळ्यांत आधी मीच पाहिला. एकदा तरी माझी चूक निघावी, एवढंच मला मागायचं होतं. पण मी स्वच्छ आहे.